पाहुण्यातला भाडेकरू

आमचे हे, म्हणजे जानराव, माणूस कसा पारखतात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

कोणीही घरी येऊन बसलं की पाण्याचा गिलास त्याच्या हातात पडायच्या आत यांचा पहिला प्रश्न येतो. गाव कोणतं? गाव कळलं की गावातलं घर कोणतं. घर कळलं की मामा कुठले, बहीण कुठं दिली, आत्या कोणाकडे. दर्यापूरपासून पातूरपर्यंतची सगळी घरं यांच्या डोक्यात एकमेकांना बांधलेली आहेत. बोलता बोलता कुठलं तरी नातं निघतंच, आणि ते निघालं की यांचा चेहरा असा फुलतो, जसा काही हरवलेला भाऊ सापडला. नाही निघालं तर चहा येतो, पण बोलणं आटतं.

आमच्या वऱ्हाडात नुसत्या आडनावावरून काही कळत नाही. इंगळे आमच्यात आहेत आणि बौद्धांतही आहेत, वानखडे दोन्हीकडे, तायडे दोन्हीकडे. म्हणून यांच्यासारख्यांना खोलात शिरावं लागतं. हे त्याला चौकशी म्हणतात. मी काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जावईही असाच निवडला होता. किशोरचं गाव, घराणं, मामा, अकोल्यातलं दुमजली घर, मालवाहू गाड्यांचा धंदा, सगळं यांनी खोदून काढलं आणि सगळं खरं निघालं. एवढ्या चौकशीत हा माणूस चिडला की काय करतो, हे मात्र कोणाला विचारावंसं वाटलं नाही. आमच्या दामिनीला ते लग्नानंतर कळलं. आम्हाला कळलं फार उशिरा, गेल्या दिवाळीनंतर, ती मनगटाला प्लास्टर घालून आणि पहिलीतल्या आपल्या पोरीचा, रागिणीचा हात धरून आमच्या दारात उभी राहिली तेव्हा.

ती आली त्याच आठवड्यात किशोरही आला. घरात नाही आला. आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे त्यानं आपली पांढरी गाडी लावली, काच खाली केली आणि दुपारभर नुसता बसून राहिला. अमरावतीच्या राजापेठेतला आमचा रस्ता म्हणजे ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांची गर्दी. तेवढ्या गर्दीत तो एकटा हलत नव्हता. रागिणी गच्चीत खेळत होती. तिनं वरून ओरडून हात हलवला, "पप्पा!" त्यानंही हसून हात हलवला. मग गाडी चालू केली आणि निघून गेला. शिव्या दिल्या असत्या, दारावर लाथा मारल्या असत्या, तर मी चार शेजारी गोळा केले असते. नुसता हात हलवणाऱ्या माणसाचं काय करणार?

आम्ही वकील लावला. वकीलबाईंनी दामिनीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "केस चालायला वेळ लागेल. तोवर मुलगी तुमच्याजवळ आहे हेच तुमचं बळ. एकदा ती त्यांच्याकडे गेली की परत आणताना चपला झिजतील. तिला डोळ्याआड होऊ देऊ नका." दामिनीनं मान हलवली. त्या दिवसापासून रागिणीला शाळेत सोडायचं दामिनीनं आणि आणायचं आजोबांनी, असं ठरलं. शाळेच्या फाटकावरच्या बाईंनाही बजावून ठेवलं की आम्हा तिघांशिवाय कोणाच्या हाती पोरगी द्यायची नाही, बाप आला तरी नाही.

वरचा मजला भाड्यानं द्यायचं तेव्हाच निघालं. वर राहणारे बँकेतले साहेब बदलून गेले होते. यांचे गुडघे दुखरे, दामिनी दुपारी एका क्लासमध्ये गणित शिकवायला जायची, घरात मी आणि पोरगी. "वर एखादा धडधाकट मानूस पायजे," हे म्हणाले. "फ्यामिलीवाला. आपल्यातला. हाक मारली त खाली धावत आला पायजे." मलाही ते पटलं. मलाच जास्त पटलं म्हणा, मला त्या गाडीची काच डोळे मिटले तरी दिसायची.

पाटी लावली आणि माणसं येऊ लागली. स्पर्धा परीक्षेची पोरं यांनी फाटकातूनच परत पाठवली. एक दिवस नीलम इंगळे नावाची बाई आली. सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा वीज कंपनीत. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट लावून आणलेले. आधार, नोकरीचं पत्र, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा फॉर्मसुद्धा तिनं आपला आपणच भरून आणला होता. यांनी त्यातल्या एकाही कागदाला हात लावला नाही.

"इंगळे म्हंजे कोनते इंगळे?" यांनी विचारलं.

तिनं यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "आमी बौद्ध हाओत काका. तुमाले तेच विचारायचं होतं नं?"

"नाई, नाई, तसं काई नाई..."

"मले पान्याचं विचारायचं होतं, वर चढते का म्हनून. पन आता राहू द्या." तिनं कागद पिशवीत घातले, माझ्याकडे वळून "चहा चांगला झाला होता काकू" म्हणाली आणि चप्पल घालून गेली. मी लाजेनं लाल झाले. दामिनी आतून म्हणाली, "बाबा, बाई चांगली होती."

"मी कुठं वाईट म्हनलं? जागा दुसऱ्याले सांगतली असं कळवून देऊ."

दुसरा कोणी नव्हता. तो पुढच्या रविवारी आला.

ललित त्याचं नाव. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. बियाण्याच्या कंपनीत फिरतीचं काम करतो म्हणाला. बायको शालू त्याच्या मागे दोन पावलं, पर्स पोटाशी धरून. हे बैठकीत बसले, मी स्वयंपाकघराच्या दारात.

"गाव कोन्तं?"

"पातूरकडचे काका."

"पातूर!" हे सरसावून बसले. "पातूरले आमचे भगवंतराव हायेत. माह्या मावसबहिनीचे दीर. बसस्टँडच्या मांगं घर हाये, मोठी पानमळ्याची जागा होती त्याईची..."

"हो नं. भगवंतकाका."

"काका? सख्खे?"

"सख्खेच म्हना."

"मंग तुमी मोतीरामचे त नाई? भगवंतरावचा लहाना भाऊ. थो मांगं अकोल्याले राह्याले गेला होता. बरीच वर्षं झाली, आमची भेट नाई."

"बरोबर वयखलं तुमी," ललित म्हणाला, आणि उठून यांच्या पाया पडला. मग माझ्या. यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी पाहिलं. शालू मात्र जागची हलली नाही. ती भिंतीवरच्या रागिणीच्या फोटोकडे पाहत होती.

ते गेल्यावर मी म्हटलं, "अवो, त्या मानसानं पातूर सोडून दुसरं काई सांगतलं का? भगवंतराव तुमी म्हनले. मोतीराम तुमी म्हनले. अकोलाबी तुमीच म्हनले. थो नुसता मुंडी हालवून राहिला होता."

"तुले लोकाईवर इस्वासच नाई."

"आधार कार्ड मागा."

"मोतीरामच्या पोराले आधार मागू? उद्या पातूरभर होईन, जानरावनं घरच्या पोराले चोरासारखं उभं केलं म्हनून."

"मंग भगवंतरावाईले फोन लावा."

तिथं यांची गोची होती. भगवंतरावांच्या पोरीच्या लग्नाला आम्ही गेलो नव्हतो. तेव्हापासून ते रुसलेले, आणि हेही काही कमी नाहीत. "इतक्या वर्षानं फोन करू आन् काय विचारू? तुमचा पुतन्या खरा का खोटा? लोक तोंडात शेन घालतीन." झालं. पोलीस ठाण्यात माहिती देणं वगैरे तर लांबच राहिलं. पाहुण्याची कोणी ठाण्यात खबर देतं का, म्हणाले.

दामिनीनं एवढंच विचारलं, "अकोल्याचे नाहीत नं?"

"पातूरचे हायेत," हे म्हणाले. पातूर अकोल्याच्या पलीकडेच आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिनं पुढं काही विचारलं नाही. ती थकली होती, आणि तिलाही वर कोणीतरी हवंच होतं.

ललितनं सामान आणलं ते एका खेपेत मावलं. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. मी विचारलं तर म्हणाला, बाकीचं गावाहून येईल. ते काही आलं नाही. वरून कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. डब्बा यायचा खानावळीतून. शालूला मी एकदा म्हटलं, "अवं, घरी कावून नाई रांधत?" ती म्हणाली, "त्याईले चालत नाई माह्या हातचं." नवऱ्याला बायकोच्या हातचं चालत नाही, हे मी या वयात पहिल्यांदा ऐकलं.

तुरीचा हंगाम आला. गावी वावर असलेल्या कोणत्याही भाडेकरूकडे त्या दिवसांत तुरीचं पोतं येतंच, आणि घरमालकिणीला त्यातली पायलीभर मिळतेच. बँकेतल्या साहेबांकडे यायचं, त्यांच्याआधीच्या मास्तरांकडे यायचं. ललितकडे पोतं नाही, पाहुणा नाही, कोणाच्या लग्नाची पत्रिका नाही. एवढं मोठं भगवंतरावांचं घराणं आणि पोराकडे कुत्रंही फिरकत नाही? मी हे यांना बोलून दाखवलं की हे म्हणायचे, "तुले तूरच खायची आसन त बजारातून आनून देतो."

पण ललितचं वागणं! बोट ठेवायला जागा नाही. यांच्या गुडघ्याचं तेल आणून दे, गॅसची टाकी वर-खाली कर, नळाचा वॉशर बदल. रागिणीसाठी येताना बिस्किटचा पुडा. तिला तो गाड्यांची नावं शिकवायचा. रस्त्यावरून ट्रक गेला की ती गच्चीतून ओरडायची, हा सोळा चाकी, हा बारा चाकी. बियाण्याच्या कंपनीतल्या माणसाला एवढे ट्रक कसे ओळखता येतात, हे माझ्या मनात आलं आणि किशोरच्या मालवाहू गाड्या आठवल्या. मी दामिनीला सांगितलं. ती वहीत पोरांची गणितं तपासत होती, तिचा लाल पेन थांबला. "आई, आजकाल सगळ्याईलेच ओळखू येतात," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून ती रागिणीला आपल्या जवळ, भिंतीच्या बाजूला झोपवू लागली.

थंडी सरता सरता यांचा गुडघा सुजला. शाळेतून रागिणीला आणणं होईना. मी जात होते, तर एक दिवस मला कळलं की हे ललितला सोबत घेऊन शाळेत जाऊन आले आणि फाटकावरच्या बाईंना सांगून आले, हा आमचा माणूस, याच्याजवळ पोरगी दिली तरी चालते. मी घरात असा तमाशा केला की शेजारची मंडळी गॅलरीत आली. "उद्यापासून मीच आनीन," मी म्हटलं. "बाईलेबी सांगून येते, त्याच्या हाती द्यायची नाई." गेले, सांगितलं. फाटकावरची बाई गोंधळली. "आजोबा हो म्हनते, तुमी नाई म्हनता. आमी कोनाचं ऐकावं?"

त्याच दिवशी दुपारी मी गच्चीत पापड वाळत घालत होते. शालू जिन्यात येऊन उभी राहिली. ललित बाहेर होता. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काकू, तुमची नात एकटी नका सोडत जाऊ."

"कावून वं?"

"असंच. दिवस चांगले नाईत." आणि आत जाऊन तिनं कडी लावली.

मी खाली येऊन यांना सांगितलं. हे हसले. "पाह्य, परक्याच्या पोरीवर किती जीव लावते."

मग फाल्गुनात पातूरहून निरोप आला की भगवंतरावांची आई गेली. म्हातारी नव्वदीपार होती. निरोप नात्यातल्या एका बाईनं मला दिला, आणि माझ्या मनात पहिला विचार हा आला की ललितची आजी गेली आणि तो सकाळी शीळ वाजवत गाडी पुसत होता. मी वर गेले. "आजी गेल्या म्हनते तुमच्या."

"हो काकू. कळलं. जाऊन राहिलो आज."

तो गेला कुठं देव जाणे, पण संध्याकाळी परत आला. दहावा झाला. त्याच्या डोक्यावरचा एक केस हलला नव्हता. "आजकालचे पोट्टे कुठं केस काढते," हे म्हणाले. पण या वेळी हे माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले नाहीत. मी सांगून टाकलं की तेरवीला मी पातूरला जाते. रुसवेफुगवे गेले खड्ड्यात. मी तेरवीला निघाले ती जेवायला नाही, विचारायला निघाले.

निघताना मी यांना हात धरून सांगितलं, "आज शाळेतून पोरीले तुमी सोता आना. ऑटो करा, पन सोता जा. ललितले सांगू नका." हे "हो" म्हणाले. ललित फाटकाशी उभा होता. "पातूरले चालल्या काय काकू?" त्यानं विचारलं. "मी दहाव्याले जाऊन आलो, तेरवीले सुट्टी नाई भेटली. काकाईले नमस्कार सांगजा." तो हसून बोलत होता. शालू दिसली नाही. तिची चप्पलही जिन्यात नव्हती.

पातूरला मांडव घातलेला. घरची माणसं मुंडण केलेली, एका ओळीत बसलेली. भगवंतराव मला पाहून उठले. एवढ्या वर्षांचा रुसवा, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्यांना दोन शब्द बोलले आणि मग थेट विचारलं, "भाऊजी, मोतीरामभाऊचा ललित अमरावतीले आमच्या वर राह्यते. थो नाई आला?"

"कोन ललित?"

"मोतीरामभाऊचा पोरगा."

"वहिनी, मोतीरामले पोरगा कुठं हाये? तीनी पोरीच त्याले," भगवंतराव म्हणाले, आणि ओळीत बसलेल्या मोतीरामनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी तिथंच फोन काढला. शाळा सुटायची वेळ झाली होती. यांना फोन लागला.

"पोरगी कुठं हाये?"

"येते आता. मी निघालोच होतो वं, पन पायऱ्या उतरताना गुडघ्यात असी कळ आली. ललित म्हने तुमी बसा काका, तेरवीची सुट्टी भेटली नाई पन अर्धा दिवस घरीच हाओ, मी पाच मिनिटात आनतो. आन् फाटकावरच्या बाईले मी फोन करून सांगतलं, देजा म्हनून. आपल्याच..."

"थो मोतीरामचा नाई," मी म्हणाले. "मोतीरामले पोरगाच नाई."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि हे मोठ्यानं शालूला हाका मारत आहेत असं ऐकू आलं. वर कोणी नव्हतं. पलंग तेवढा होता.

पातूरहून अकोल्याची जी गाडी पहिली मिळाली त्यात मी चढले. कुठं नेणार तो? अकोल्यालाच नेणार. दामिनीला फोन केला, तिला क्लासमधून बाहेर बोलावून मी हे सांगितलं. ती किंचाळली नाही. "बरं," म्हणाली. "मी पोलिसात जाते बाबाईले घेऊन. तू त्याच्या घरी जा." खिडकीतून उन्हाचा रस्ता दिसत होता आणि मी देवाला एकच मागत होते, तो गाडी सावकाश चालवो.

किशोरच्या घराच्या लोखंडी फाटकाला कुलूप होतं. समोर एक पानठेला, त्याच्या सावलीत मी उभी राहिले. तासभर उभी असेन. मग ती पांढरी गाडी आली. चालवत होता ललित. शेजारी किशोर आणि त्याच्या मांडीवर रागिणी, हातात चिप्सचा पुडा. गाडी फाटकाशी थांबली तशी मी धावले आणि काचेवर दोन्ही हात मारले.

"आजी!" रागिणी आनंदानं ओरडली. "आजी, ललितकाका पप्पाला पण ओळखते!"

किशोर खाली उतरला. पोरगी त्याच्या कडेवर. मी तिला ओढायला गेले तर त्यानं तिला नुसतं दुसऱ्या कडेवर घेतलं, आरामात. ललित माझ्याकडे बघत नव्हता. तो फाटक उघडत होता, रोजचं काम असल्यासारखं.

"आई, उन्हात काहून उभ्या हाये?" किशोर म्हणाला. "या, चहा घ्या. ललित आपल्याकडेच हाये, दामिनी गेल्यावर गाडीवर ठेवला. चांगला मानूस हाये. बाबाईले आवडला म्हनते." मग आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "रागिणीचं दप्तर राह्यलं तिकडं. दामिनीले सांगा, येताना घेऊन येजो."

फाटक लागलं. मी लाथा मारल्या, शिव्या दिल्या, मला येतात तेवढ्या सगळ्या दिल्या. शेजारपाजारचे दारात आले आणि सासू-जावयाचं भांडण म्हणून आत गेले.

दामिनीचा फोन आला. ठाण्यातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं होतं. आधी विचारलं, भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली होती का? मग विचारलं, त्याचं पूर्ण नाव काय? बाबांनी मोतीरामचं आडनाव सांगितलं आणि मग म्हणाले, ते नाही. मग त्या म्हणाल्या की पोरगी बापाकडे आहे, सुखरूप आहे, कोर्टाचा काही आदेश नाही, तर अपहरण कसं लिहायचं? अर्ज देऊन ठेवा, कोर्टात जा. वकीलबाई म्हणाल्या, उद्या सकाळी अर्ज टाकते, पण तारीख मिळेल तेव्हा मिळेल. "बाबा कसे हायेत?" मी विचारलं. "बाकावर बसले आहेत," दामिनी म्हणाली. "मी येऊन राहिली."

"तू येऊ नको. ऐकतं का माय, तू येऊ नको, त्याले तेच पायजे," मी ओरडत राहिले, तोवर फोन बंद झाला होता.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ऑटोतून उतरली, खांद्याला रागिणीचं दप्तर, हातात कपड्यांची बॅग. मी रस्ता ओलांडून तिच्या समोर उभी राहिले, दोन्ही हात पसरून, जशी ती लहान असताना गाडीसमोरून तिला अडवायचे.

"दामिनी, कोर्ट देईन पोरगी. थोडे दिवस. वकीलबाई हाये, मी हाओ. तू आत गेली त सगळं संपलं."

"किती दिवस, आई?"

"लागन थोडा टाईम."

"तेवढे दिवस ती आत एकटी राहीन." तिनं बॅग खाली ठेवली. तिचा चेहरा कोरडा होता, आवाज शांत होता. "त्याचा हात उठते नं, तेव्हा त्याले समोर कोनी तरी लागते. आतापर्यंत मी होती. म्हनून रागिणीले कधी लागलं नाई. मी नसली त समोर कोन हाये, सांग."

मी तिला दोन थोबाडीत मारून घरी न्यावं, की तिच्या पाया पडावं, मला कळेना. मी फक्त तिचं प्लास्टर काढलेलं मनगट धरून ठेवलं. ते अजून बारीक दिसायचं, दुसऱ्या हातापेक्षा. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, हळूच, मला दुखू नये अशी.

तिनं बेल वाजवली. ललितनं फाटक उघडलं, तिच्या हातातली बॅग घेतली आणि बाजूला झाला. आत अंगणात रागिणी झोक्यावर होती. "मम्मी आली!" ती ओरडली आणि धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. दारात किशोर उभा होता. दामिनी पोरीला आपल्या पाठीमागे घेऊन त्याच्याकडे चालत गेली.

ललितनं फाटक लावलं. मी सळ्या धरून आत पाहत राहिले. घराचा दरवाजा बंद झाला, आणि मला त्या दारातून काही ऐकू येईल या भीतीनं तिथून हलता येईना.